तिसरं कुलूप

सरपंच रुपरावांनी भर सभेत लोखंडी साखळी उचलून दाखवली. "तुमचं कुलूप काढून नाई राहिलो, रंभाबाई. भेता काहून वं?"

नागपूरच्या रिंगरोडपलीकडे तीन गावांची मिळून ही एक ग्रामपंचायत. सरपंचांसह खैरडोहचे सात मेंबर, बोरखडीचे तीन, मोहटोल्याची एकटी रंभाबाई. एक होताना मोहटोल्यानं अट घातली होती. पाण्याचे व्हॉल्व ज्या खोलीत, तिच्या दाराला तीन कुलपं, गावागणिक एक. तिन्ही उघडल्याशिवाय दार हलायचं नाही. कोणी कोणाचं पाणी तोडायचं नाही.

मोठ्या गावांना ते टोचायचं. रंभाबाई नागपुरात धरमपेठेत पोळ्या लाटायला गेली की सगळे तिची वाट बघत उन्हात उभे. खैरडोहचा बळीराम म्हणायचा, "चाळीस घरं, आन् नखरे राजधानीचे!"

आता तीन कड्यांऐवजी दाराला एकच साखळी लागणार होती. तिची टोकं तीन कुलपांनी जोडायची, कुलपात कुलूप अडकवून.

"कोणतंबी एक उघडलं की दार उघडलं," रुपराव म्हणाले. "तुमी तुमच्या मर्जीच्या मालकीण. कोणाची वाट पाहाचं काम नाई."

मोहटोल्याच्या बाया खूश झाल्या. आपली चावी एकटीनं दार उघडणार! रंभाबाईनं हात वर केला. टाळ्या पडल्या. रुपरावांनी तिला हार घातला. लहानाला हार घालताना मोठा त्याच्या मानेचं माप घेत असतो.

मे महिन्यात मोहटोल्याचे नळ कोरडे पडले. रंभाबाई धावत खोलीवर गेली. तिची चावी लागली, दार उघडलं. आत मोहटोल्याचा व्हॉल्व घट्ट बंद. तो फिरवायचं चाकच कोणीतरी काढून नेलं होतं.

मागून रुपराव आणि बळीराम आले.

"आमचं पाणी काहून तोडलं?"

"दार उघडलं ना तुमच्यानं?" रुपराव शांतपणे म्हणाले. "मंग? तुमचा हक्क तर शाबूत आहे."

रंभाबाई हातातल्या चावीकडे बघत राहिली. आधी ती एकटी दार उघडू शकत नव्हती. पण तिच्यावाचून कोणाच्या बापालाही ते उघडता येत नव्हतं.

तिनं आपलं कुलूप साखळीतून ओढून काढलं. "ठेवा तुमची पंचायत. मोहटोला नाई आता तुमच्यात."

साखळी खाली लोंबली. बळीरामनं दार ओढलं आणि उरलेली दोन कुलपं एकमेकांत अडकवली.

साखळी पुरली.