बांबूखालचं गवत

१९४४ साली साताऱ्याच्या छावणीत रंगरुटांना वाळूच्या टेबलावर लढाई शिकवत. त्या टेबलावरचं ब्रह्मदेशाचं चिमुकलं रान शकिलाबी करायची. झाडं घोसाळ्याच्या जाळीची, गवत रंगवलेल्या काथ्याचं. तिचा मुलगा रहिमान तिकडं खऱ्या रानात लढत होता.

रोज सकाळी टेबलावरच्या बांबूखालचं गवत बोटभर जागेत दबलेलं दिसे.

"उंदीर लोळत असंल, चाची," हवालदार जोतीराम म्हणाला.

"उंदीर असा निजतो व्हय रं?"

ठसा माणसाचा होता, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजलेल्या. रहिमान लहानपणापासून असाच झोपायचा.

तिनं ते गवत उभं केलं नाही. वर सावलीला आपल्या दारातल्यासारखं आंब्याचं झाड रोवलं आणि त्याला ज्वारीच्या दाण्यांचे पाच आंबे चिकटवले.

सकाळी झाडावर चारच होते. गवतात तिळाएवढी कोय पडली होती, चोखून पांढरी केलेली, अजून ओली.