चित्रातला आकडा

"बातमी धादांत खोटी आहे. या ठिपक्यांच्या चित्रात आकडाच नाही!" रंगांधळेपणावरच्या बातमीखाली मी कॉमेंटमध्ये ठणकावलं.

"आकडा आहे," एक अनोळखी माणूस तासभर सांगत होता. "पुरावा द्या," मी तासभर बजावत होतो. शेवटी त्याने लिहिलं, "काका, चित्र घरात कुणाला तरी दाखवा."

त्याची जिरवायला मी फोन बायकोपुढे धरला.

"चौऱ्याहत्तर," ती चष्म्याशिवायच म्हणाली.

"मला तर नुसते ठिपकेच दिसतायत," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही कच्चे टोमॅटो मला खिजवायला आणत नव्हतात?"

"मला ते पिकलेलेच दिसायचे गं."

तिला हसू आवरेना. मी त्या माणसाला लिहिलं, "हरलो. फार आभारी आहे."

"पुरावा?" त्याने विचारलं.

"शेजारी बसून हसतेय."