बाप्तिस्म्याचं पान

गोल गोल फिरणारं पांढरं कबुतर.

नारळाच्या पावाची कृती, अर्धी.

"वादळामुळे येत्या रविवारी उपासना होणार नाही." कुठलं वादळ, कुठला रविवार, पत्ता नाही.

ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी हात सैल सोडा.

गायकवृंदाचे फोटो. सगळे आडवे पडलेले.

"हे मान वाकडी करून बघायचे का?" शर्नेलनं विचारलं.

चर्चची वेबसाइट होती ती. शर्नेलच्या समोर लॅपटॉप, शेजारी ब्रिजटाउनहून वेबसाइट तपासायला आलेली मिस ओवेना. तिची पद्धत साधी. चर्चमध्ये न येणारं कुणीतरी धरून आणायचं. त्याला एक काम द्यायचं. दिसेल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं. वेबसाइट बनवणाऱ्यांनी मागे बसायचं. मदत नाही, खुलासा नाही, खाकरणंसुद्धा नाही. समोरच्या बेकरीत काम करणारी शर्नेल तिला सोयीची वाटली. ती कुणाची मुलगी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मागे दोघं होते. कबुतर बनवणाऱ्या मिस गिटन्स, आणि बाकी सगळा मजकूर एका बोटानं टाइप केलेले चर्चचे कारभारी, सेल्विन ब्रॅथवेट. शर्नेल लग्नाशिवाय आई झाली, तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं नव्हतं. नात आता चार वर्षांची. ती बेकरीच्या पायरीवर खेळायची, म्हणून कारभारी पाव आणायला टेकडीपलीकडे जायचे.

"आता समज," मिस ओवेना म्हणाली, "तुला लहान मूल आहे. त्याचा बाप्तिस्मा इथं करायचाय. कसा, ते शोध."

मिस गिटन्सच्या बांगड्या वाजल्या. कारभाऱ्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

"समजायचं कशाला? आहे की," शर्नेल म्हणाली. "कधीपासून मनात आहे. दारात येऊन विचारायचा धीर होत नव्हता."

तिनं 'संपर्क' दाबलं. कोरं पान. 'आमच्याविषयी' दाबलं. पुन्हा ऑर्गन. मग कबुतर.

"हे सारखं मधे येतंय. हाकलता येतं का?"

"पवित्र आत्मा आहे तो," मिस गिटन्स पुटपुटल्या.

"मागे गप्प," मिस ओवेना म्हणाली.

शर्नेलचा पाय हलायला लागला. वर, खाली, परत वर. कारभाऱ्यांना ते पान कुठे आहे ते माहीत होतं. केकच्या फोटोखाली, बारीक अक्षरात. सांगता येत नव्हतं. सांगायचंही नव्हतं. तिला ते सापडू नये, असंच त्यांना वाटत होतं.

सापडलं.

"बाप्तिस्मा रविवारी, भर उपासनेत, मंडळीसमोर," ती वाचू लागली. "विवाहित आईबापांच्या मुलांचा." थांबली. "इतर मुलांचा बुधवारी दुपारी. बाजूच्या दारानं यावं."

पंखा फिरत राहिला.

"काय वाटतंय ते बोल," मिस ओवेना सवयीनं म्हणाली, आणि मग तिलाच कसंसं झालं.

"वाटायचं काय त्यात? बुधवारी दुपारी आमची भट्टी पेटलेली असते." शर्नेल उठली. "झालं ना तुमचं काम? मिळालं मला."

"हे लिहिलंय तरी कुणी?" मिस ओवेनानं मागे बघत विचारलं.

"जुने नियम आहेत ते," मिस गिटन्स जमिनीकडे बघत म्हणाल्या. "आमचे कारभारी त्यातलं एक अक्षर गाळत नाहीत."

शर्नेल दारापाशी पोचली होती.

"रविवारी आण तिला."

मिस ओवेना वळली. "अहो साहेब, मदत करायची नाही असं ठरलं होतं ना?"

"पुढच्या दारानं आण," कारभारी म्हणाले. ते उभे होते. टोपी खाली पडली होती. "मी धरीन तिला."

शर्नेलनं मागं वळून पाहिलं नाही. "मंडळी काय म्हणेल, डॅडी?"

चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांनी तिला विचारला होता.

"बोलायचं ते आधी मला बोलतील," ते म्हणाले. "मग तुला."

मग ते लॅपटॉपपुढे बसले आणि ती ओळ पुसू लागले. एका बोटानं, एकेक अक्षर. शर्नेल दारातच थांबली होती.

सेल्विन ब्रॅथवेट यांचा स्वतःचा बाप्तिस्मा, तान्हेपणी, बुधवारीच झाला होता. साक्षीला, चर्च झाडायला आलेली बाई उभी होती.