मास्तरांची बढती

“म्हणजे यापुढे मी रंगाला हातच लावायचा नाही?” मास्तरांनी विचारलं.

“कशाला लावायचा? तुम्ही आता विभागप्रमुख. रंग मुलं मिसळतील, तुम्ही वर बसून देखरेख करायची. पगार वाढेल, स्वतःची केबिन मिळेल.” साहेब मास्तरांकडे न बघता टेबलावरचे कागद सारखे करत होते.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच साहेब एकेकाळी त्यांच्या हाताखाली ब्रश धुवायचा. गिऱ्हाइकानं जुन्या दाराची ढलपी आणावी, पडद्याची चिंधी आणावी आणि मास्तरांनी नुसत्या नजरेनं हुबेहूब तोच रंग करून द्यावा, यावर तर या कारखान्याचं नाव झालं होतं. रंग जुळवायचं यंत्र आणायची टूम निघाली, तेव्हा ती मास्तरांनीच हाणून पाडली होती. आणि आता यांना मास्तर खुर्चीत हवे होते, शोभेला!

“संध्याकाळी सांगतो,” म्हणून ते दार आपटून खाली आले.

खाली त्यांची भाची डबे पुसत होती. तिला इथे मास्तरांनीच चिकटवलं होतं.

“मामा, घ्या की ती जागा,” ती म्हणाली. “किती वर्षं उभं राहून पाय मोडून घेणार?”

“तुला कुणी सांगितलं गं? मी तर आत्ता ऐकून येतोय.”

भाचीनं मान खाली घालून पुढचा डबा पुसायला घेतला. मग बाकीच्यांनीही एकेक करून बढतीचे गोडवे गायला सुरुवात केली. ‘मास्तर, तुमच्याशिवाय आमचं कसं होणार?’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. मास्तरांना ते फार लागलं. साऱ्यांचा डोळा आपल्या टेबलावर आहे, आणि सगळ्यात जास्त घरच्याच पोरीचा, हे त्यांना लख्ख कळलं. हल्ली ती त्यांना डब्यांची झाकणंसुद्धा लावू देत नसे. “तुम्ही निघा मामा, मी बघते,” म्हणायची. मोठी आली बघणारी!

त्या दिवशी एका दवाखान्याच्या भिंतीचा फिकट हिरवा रंग जुळवायचा होता. मास्तरांनी नमुना समोर ठेवला आणि हात राखून, थेंब थेंब टाकत रंग आणला. मग भाचीला मुद्दाम हाक मारली.

“बघ. आहे का फरक?”

तिनं दोन्हीकडे बराच वेळ पाहिलं. “छान आहे, मामा.”

“छान नको म्हणू. तोच आहे की नाही?”

“तोच आहे.”

मास्तर तडक वर गेले.

“तुमची केबिन तुम्हालाच लखलाभ,” ते साहेबांना म्हणाले. “माझी अडचण होते ना सगळ्यांना? होऊ दे. मी टेबल सोडणार नाही. ज्या दिवशी माझा एक रंग चुकला म्हणून कुणी सांगेल, त्या दिवशी मी घरी जाईन आणि पुन्हा ब्रशला शिवणार नाही. आहे हिंमत कुणाची? सांगा!”

साहेबांनी टेबलावरचे कागद पुन्हा सारखे केले.

“नाही, मास्तर,” ते म्हणाले. “राहा तुम्ही तिथेच.”

मास्तर खाली उतरले. भाचीकडे ढुंकूनही न बघता त्यांनी चपला घातल्या आणि ते ताठ मानेनं बाहेर पडले. सगळ्यांची कशी जिरवली, हे बायकोला कधी सांगतो असं त्यांना झालं होतं.

ते वळणाआड गेल्याची खात्री करून साहेब खाली आले. भाचीनं दवाखान्याच्या रंगाचं झाकण उचकटलं होतं.

“आज कालच्यापेक्षाही निळा झालाय,” ती हळूच म्हणाली.

साहेबांनी बाह्या वर सारल्या. “पिवळा आण,” ते म्हणाले, “आणि उद्या मामांना सांग, गिऱ्हाईक फार खूश होतं.”