दोनतोंडीच्या पुढे

चंदूशेठचं बोट मोबाइलवर थांबलं आणि प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं.

चूक तिच्या लक्षात आली होती. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्यांच्या दुकानासाठी ती अ‍ॅप करत होती. त्यात रेती, खडी, विटा, सिमेंट अशी यादी दिसायला हवी होती. शेठनी मालाची नावं अजून दिली नव्हती, म्हणून तिनं यादीच्या फाइलमध्ये तात्पुरतं काहीतरी भरून ठेवलं होतं. या धंद्यात सगळेच तसं करतात. कुणी अबकड लिहितं, कुणी भाज्यांची नावं. प्राचीनं घरातली बडबड लिहिली होती, आणि इथे येण्याआधी ती पुसायची राहून गेली होती.

बडबड तिच्या आजेसासऱ्यांची, तुळशीबाबांची. अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या लहानशा फ्लॅटमध्ये बाबा रोज संध्याकाळी चपला काढायचे आणि चालायला लागायचे. फरशीच्या सांध्यावरून, पावलापुढे पाऊल टाकत. तोंडानं चालू असायचं, हेटली, कुकुड, खोलगी, रेडबुडी. कुणी आडवं आलं की ओरडायचे, खाली उतरू नको. गॅलरीच्या दाराशी पोचले की प्राची नाहीतर तिचा नवरा अल्पेश त्यांना धरून मागे फिरवायचा. पडले बिडले तर काय घ्या. मग पुन्हा पहिल्यापासून, हेटली, कुकुड.

वय झालं, मेंदू थकला, असं डॉक्टर म्हणाले होते. अल्पेशनं त्याच्या पद्धतीनं सांगितलं, लोकांची साठीत बुद्धी नाठी होते, आजोबा तर नव्वदीकडे निघालेत. बदलापूरला एक बरासा वृद्धाश्रम पाहून झाला होता. उद्या सकाळी न्यायचं होतं. अल्पेश त्यांच्या कपड्यांसाठी बॅग आणायला गेला होता. प्राचीनंही हो म्हटलं होतं, आणि म्हटल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

"ही नावं तुला कुनी सांगली?" शेठनी विचारलं.

प्राची माफी मागू लागली. ही नुसती चाचणी आहे, म्हणाली. स्क्रीनला आपण एवढंच सांगायचं असतं, की फाइलमध्ये जितकी नावं असतील तितक्या ओळी दाखव. नावं कसली आणि किती, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. बोट सरकवलं की पुढची ओळ तयार होऊन येते. उद्या तुमचा माल भरला की मालच दिसेल.

शेठ ऐकतच नव्हते. सत्तरीचे, गळ्यात जाड साखळी असलेले शेठ खुर्चीतून उठून उभे राहिले होते. हळूहळू बोट सरकवत होते. एकेक नाव खालून वर येत होतं आणि ते मोठ्यानं वाचत होते. हेटली त्यांची होती, आता तिथे कंपनीचा बॉयलर आहे. रेडबुडीत त्यांच्या बापाचा रेडा चिखलात गेला तो गेलाच. कुकुड, खोलगी, सावटी, सगळी मोरिवली गावची शेतं. कारखाने यायच्या आधीची. ओढ्यापासून डोंगराकडे निघालं की जशी लागायची तशीच, ओळीनं. एकही मागेपुढे नाही.

फरशीच्या सांध्यावरची ती पावलं प्राचीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. बाबांना वेड लागलेलं नव्हतं. ते बांधावरून चालत होते.

नावं कुणाकडून ऐकली ते तिनं सांगितलं. तेवढ्यात यादी दोनतोंडीवर संपली. तिथवर लिहून तिला कंटाळा आला होता. शेठ पुन्हा पुन्हा बोट सरकवत राहिले. यादी जराशी उचलायची आणि खाली बसायची. पुढचं त्यांना स्वतःलाही आठवेना. त्यांचे डोळे भरून आले.

"तुलशीबाबा अजून जित्ता हाय?" ते म्हणाले. "मंग त्यालाच इचार. त्याच्याबिगर आता कुनाला ठावं नाय."

ती घरी पोचली तेव्हा बाबांचं चालणं सुरू झालं होतं. प्राचीनं चपला काढल्या, मोबाइल खिडकीच्या कठड्यावर टेकवला आणि लॅपटॉप हातावर घेऊन त्यांच्या मागे सांध्यावर उभी राहिली. दोनतोंडीच्या पुढे काय, तिनं विचारलं.

बाबा थांबले. असं आजवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सायमाळ, ते म्हणाले. तिनं फाइलमध्ये लिहिलं आणि मोबाइलवर दोनतोंडीच्या खाली सायमाळ उमटली. ते पुढे निघाले, ती मागे. शेठना न आठवलेली नावं एकामागून एक येत गेली. प्राचीनं यादी दाखवणाऱ्या कोडच्या चार ओळींना हातही लावला नव्हता. जितकी नावं तितक्या ओळी, एवढंच तिनं कधीतरी लिहून ठेवलं होतं, आणि त्यात आता सबंध शिवार मावत चाललं होतं. ती बघतच राहिली.

गॅलरीचं दार आलं. आज प्राचीनं ते स्वतःच उघडलं आणि बाबांच्या दंडाला धरून त्यांच्याबरोबर पुढे गेली. ग्रिलपाशी, अगदी टोकाला जाऊन बाबा थांबले. आपली, ते म्हणाले. प्राची पुढच्या नावाची वाट पाहत राहिली. पण पुढे काही नव्हतं. बाबा मागे फिरले नाहीत, पुन्हा हेटलीपासून सुरुवातही केली नाही. तिथेच फरशीवर मांडी घालून बसले आणि शेजारची फरशी तळहातानं चाचपू लागले. प्राचीनं यादीत शेवटचं नाव लिहिलं, आपली.

तेवढ्यात लॅच वाजलं. अल्पेश हातात नवी बॅग घेऊन आत आला. बाबा गॅलरीत दिसताच तसाच धावला आणि त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. त्यांना इथे कशाला आणलंस, म्हणून प्राचीला बोलणार, तोच बाबांनी त्याच्या पायांकडे बघितलं.

"चपला काढ, पोरा," ते म्हणाले. "तुझेच शेतान उबा हायस."