झुंबरबाईचा हुकूम

हुकमात आपलं नाव ऐकलं तेव्हा झुंबरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तालुक्याच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात तीस-चाळीस माणसं दाटीनं उभी होती. ट्रकवाले, जीपवाले, दोघे-तिघे वकील. बाईमाणूस ती एकटीच. साहेबांच्या खुर्चीशेजारी उभा राहून कारकून खड्या आवाजात वाचत होता, "मौजे डोणगाव येथील झुंबरबाई भ्र. कडूबा यांच्या तक्रारअर्जावरून..."

अपघातात सापडलेली मोटर ओढून नेण्याचे मैलाला तीन रुपये. गॅरेजच्या आवारात ठेवण्याचे दिवसाला पंचवीस नवे पैसे. आणि तपासासाठी सरकारनं अडकवून ठेवलेल्या दिवसांचं भाडंच नाही.

हे शेवटचं कलम तिचं होतं. अकरा महिन्यांत तिनं सात अर्ज केले, आणि सातही अर्जांत शाळेच्या मास्तरांकडून हेच लिहून घेतलं, की गाडी सरकारनं अडकवली, तर तिचं भाडं आम्ही काऊन भरावं?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. झुंबरबाईनं कमरेची पिशवी चाचपली. लसूण विकून आलेले एकशे दहा रुपये होते. या दरानं सगळं भागून वरून उरत होते. ती पुढे झाली.

"सायेब, मंग आज नेऊ का माही गाडी?"

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं कागदावर बोट ठेवून दाखवलं.

"हा हुकूम या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू आहे, बाई. तुमची गाडी मागच्या आषाढातली."

"पण अर्ज तं माहाच होता नं?"

"होय. तुमच्या अर्जाचा फार उपयोग झाला," साहेब म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "मागच्या गाड्यांचं काय करायचं ते वर विचारलं आहे. उत्तर आलं की कळवू."

"तवरक भाडं बंद राहीन का?"

"बंद कसं राहील? पण पहिल्या तारखेपासून नव्या दरानं लागेल."

मागं कोणीतरी हसलं.

रंगरावाचं गॅरेज रस्त्याच्या पलीकडेच होतं. झुंबरबाई आवारात शिरली तसा तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. समोर लिंबाच्या झाडाखाली तिचा ट्रक विटांवर उभा होता. आठ वर्षं याच ट्रकनं डोणगावचा भाजीपाला खामगावच्या बाजारात नेला होता. चालवणारा तिचा नवरा कडूबा आता घरी खाटेवर होता. अपघातात मोडलेला त्याचा पाय काही सरळ होत नव्हता. गाडी सुटली की भाच्याला चालवायला द्यायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

"दीडशे ओढून आणल्याचे, अन् रोजाचे दोन रुपये परमानं जागेचे. आठशे दहा होतात," रंगराव म्हणाला. "हुकूम म्याही ऐकला. मांगचं मांगं. पण तुमच्यासंग माह्यं काही वैर नाही, झुंबरबाई. एवढे पैसे तुम्ही आणान कुठून? गाडी मले लिहून द्या, हिशेब मिटला."

"टायर कुठं गेले?"

"उन्हानं फुटले. फेकून देले."

फेकून दिलेले टायर फाटकाजवळच्या ट्रकला बसवलेले तिनं येतानाच पाहिले होते. त्यातल्या एकाला कडूबानं स्वतःच्या हातानं ठिगळ लावलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे आठवा अर्ज करावा लागला असता.

रंगरावानं टेबलाच्या खणातून कागद काढला. तो आधीच लिहून ठेवलेला होता. त्यानं शाईचा पॅड उघडून पुढे सरकवला. झुंबरबाईनं तो बाजूला सारला आणि टाक मागितला. नुसत्या अंगठ्याचे अर्ज साहेब वाचत नाहीत, असं कोणीसं सांगितलं, तेव्हापासून ती पाटीवर नाव गिरवत होती. 'झुं' काढायला तिला अजूनही वेळ लागे. तिनं सावकाश सगळी अक्षरं काढली.

"वा! सही करता तुम्ही?" रंगराव म्हणाला.

"यंदाच शिकली."

चहा आला होता. तो न घेताच ती बाहेर पडली.

एसटीच्या थांब्याकडे निघाली, तोच मागून एक ट्रक येऊन थांबला. पुढचा पत्रा चेपलेला, एक दिवा फुटलेला. तिशीतला एक माणूस उडी टाकून खाली उतरला.

"मावशी, तुम्हीच का त्या हुकमातल्या झुंबरबाई?" तिनं मान हलवायच्या आत तो पाया पडला. "मी लोणारचा नारायण. चार तारखेले गाडी झाडावर गेली माही. रंगराव दोनशे मांगून राह्यला होता. आज तुमचा कागद समोर धरला, तं साडेसोळा रुपयात सोडली! चाला, बसा. डोणगावावरूनच जाऊन राह्यलो."

तो तिला हात देऊन वर चढवू लागला. तिला हात द्यावा लागला नाही. कुठं पाय ठेवायचा, कशाला धरायचं, हे तिला ठाऊक होतं.

गाव मागं पडलं. नारायण खुशीत होता. बायको कशी रडत होती, पोरं कशी वाट पाहत असतील, सांगत होता. झुंबरबाई हूं हूं करत समोरच्या रस्त्याकडे पाहत होती.

"मावशी," त्यानं मधेच विचारलं, "तुमचीबी गाडी होती म्हणे त्याच्या आवारात. तुमच्याजवळून किती घेतले त्यानं?"

"एक पैसाबी नाही घेतला, बाबा," झुंबरबाई म्हणाली.