नुसता खेळ

ठोकळ्यांचा आवाज कानावर आला आणि ती ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर धावली.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर तिची पाच वर्षांची लेक बसली होती आणि समोर, गुडघेदुखी विसरून, मांडी ठोकून तिचे बाबा. मध्ये बाबांच्या बुद्धिमापन चाचणीचे लाल-पांढरे ठोकळे. लेक जिभेचं टोक बाहेर काढून कार्डावरच्या चित्रासारखी नक्षी जुळवत होती. बाबा मदत करत नव्हते, शाबासकीही देत नव्हते, नुसते बघत होते. तो चेहरा तिने ओळखला.

असामान्य बुद्धीची मुलं हेरण्यात आणि घडवण्यात बाबांची हयात गेली होती. त्यांनी निवडलेली मुलं आता मोठमोठ्या हुद्द्यांवर होती. त्यांचे फोन आले की बाबांची स्वारी दिवसभर खुशीत असे. सरांची मुलगी म्हणजे काय, प्रश्नच नाही, असं लोक तिला म्हणत. प्रश्न होता. तो घरातल्या घरात मिटवला होता, इतकंच.

"बाबा, आवरा ते."

"अगं, नुसता खेळ चाललाय आमचा."

"माझ्याशीही खेळच होता. एकदाच खेळलात."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तू पहिलीत होतीस. तुला आठवतं?"

"दुसऱ्या दिवशी हा ठोकळ्यांचा डबा कपाटावर गेला होता. मी किती मागे लागले, बाबा, आज नाही चुकणार, काढा ना."

"पण मी तुला कधी एका शब्दाने बोललो का?"

"नाही ना! ती तुमची मुलं एका मार्काने घसरली तरी तुम्ही रात्रभर येरझाऱ्या घालायचात. मी काठावर पास झाले तरी म्हणायचात, छान हो."

तिने भराभर ठोकळे गोळा केले.

"आजोबा, माझं होतच आलं होतं!" लेक रडकुंडीला आली.

"जा, अंगणात खेळ जा."

लेक पाय आपटत गेली. बाबा मान खाली घालून तसेच बसून राहिले. हात टेकून उठू बघत होते, उठवेना. तिला राग आला होता, आता कीवही आली. काखेत धरून तिने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं, डबा उचलला आणि आत निघाली.

दाराशी ती थांबली. लेक लांब आहे ना, हे खिडकीतून पाहून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"बाबा... जमत होतं का तिला?"